आधी चाक निखळलं, मग कठडा लागला

हे मी कुनालाच सांगितलेलं नाय. बायकोला नाय, देवाला पन नाय. देवासमोर हात जोडले की मी मुद्दाम दुसरंच कायतरी मागतो, म्हनजे त्याचं लक्ष तिकडं जाईल. तू समोर बसलायस, म्हनून बोलतो. मधेच थांबलो तर समज, तोंड सुकलंय. माझं तोंड सुकलं हे ऐकलं तर बायको, आमची मंदा, गावभर पेढे वाटेल.

कारन माझं तोंड तुला म्हाईत हाय. घणसोली गावात बाळाराम कोन विचारलंस तर लोक डोकं खाजवतील. चाकवाला जोकर विचार — रिक्षावाला दुकानासमोर आनून सोडेल. शाळेत मास्तर बोल्ले होते, बाळाराम, तू नसलास तर हा वर्ग शिकेल. मी दुसऱ्या दिवसापासून गेलो नाय. वर्गाचं भलं केलं. सही येते, त्याच्यापुढं नाय.

माझ्या वेंधळेपनाच्या गोष्टी तर तू शंभरदा ऐकल्यास. स्वतःच्या स्कूटरच्या चाकाचा नट लावायचा विसरलो आनि विसर्जनाच्या मिरवनुकीत गनपतीच्या पुढं मी लोळत गेलो. लोकांना वाटलं नवस हाय, दोघातिघांनी पाया पन पडून घेतलं. ही गोष्ट मी गिऱ्हाइकाला सांगतो, पोलिसाला सांगतो, व्याह्याला सांगितली. का सांगतो, विचार केलास कधी? — जो मानूस स्वतःवर एवढं हसतो, त्याच्यावर संशय कोन घेनार? एवढ्या सगळ्या चुका कबूल करनारा मानूस, त्याची एक मोठी चूक लपलेली असेल, असं वाटतं का कुनाला?

नाय वाटत. मला म्हाईत हाय. मी बघितलंय.

सुधाकर तुला आठवतो ना? सुधाकर माझा मित्र. रबाळ्याच्या कंपनीत तो स्टोअरकीपर होता, मी हमाल. तो महाडकडचा, मी इथला. त्याचा जय भीम, माझा राम राम, आनि जेवायला डबा एक. मी दुकान टाकलं तेव्हा पहिला पाना त्यानं आनून दिला. बोल्ला, "बाळ्या, आता तरी काहीतरी नीट घट्ट कर."

त्याची बायको लवकर गेली. पोरगी एकच, प्रज्ञा. वेनी घालायला तो आमच्या मंदाकडनं शिकला. सुरवातीला पोरगी शाळेत जायची ती वादळातनं बाहेर आल्यासारखी. मग हात बसला त्याचा. मग दोन वेन्या, रिबिनी, सगळं. सानपाड्याला छोटं घर घेतलं त्यानं, पोरीला शिकवलं. ती ऐरोलीला कम्प्युटरच्या ऑफिसात लागली. आनि तिनं गाडी घेतली.

हायब्रिड एसयूव्ही. पेट्रोलवर पन चालते, बॅटरीवर पन. सुधाकर गाडी घेऊन पहिल्यांदा दुकानावर आला तेव्हा... जाऊ दे. तो बाजूच्या सीटवर बसला होता, काच खाली, कोपर बाहेर. चालवत ती होती. पन तोरा असा, की गाडी त्यानं स्वतः घडवलीय.

चाकं त्याला आवडली नव्हती. कंपनीची चाकं बारीक दिसतात बोल्ला. "एवढा मोठा देह आणि पाय बघ, बकरीचे." माझ्याकडं टांगलेली अलॉय चाकं त्यानं बघून ठेवली होती, रुंद, काळी, मधे चकाकी. मी पन भर घातली. भर घालनं हाच माझा धंदा.

प्रज्ञाला नको होतं. तिनं मोबाइलवर वाचलं होतं, दुकानात उभं राहून नीट विचारलं. "बाळाकाका, बॅटरीमुळे ही गाडी जड आहे. हे चाक तेवढं वजन घेईल का? मधलं भोक गाडीला बरोबर बसतं का? आणि नट हेच चालतील, की वेगळे लागतील?"

तू सांग — यात चुकीचं काय हाय? पोरीनं जे विचारायला पाहिजे तेच विचारलं. असं विचारनारं गिऱ्हाईक माझ्या सगळ्या धंद्यात आलं नव्हतं. मी काय करायला पाहिजे होतं? खाली बसून तिला चाक दाखवायचं होतं.

मी काय केलं? दुकानात चारपाच गिऱ्हाइकं बसलेली. मी त्यांच्याकडं तोंड केलं. "अगं बाय, चाक बसवायचंय, जावई नाय! एवढी चौकशी तर तुझा बाप तुझ्या नवऱ्याची पन करनार नाय."

हशा. सुधाकर तर पोट धरून हसला. प्रज्ञा पन हसली, कानापर्यंत लाल झाली, आनि गप्प झाली. मला काय बरं वाटलं म्हनून सांगू. तो हशा अजून चालू होता, तेव्हाच मी जॅक लावून चाक काढायला बसलो.

आता नीट ऐक, कारन इथंच सगळं हाय. वजनाचं मी बघितलं होतं, चाक दमदार होतं. मधल्या भोकाला रिंग लागते, ती होती, टाकली. मग कंपनीचा काढलेला नट हातात घेतला — आनि हात थांबला.

चाक गाडीला नटांनीच धरलेलं असतं. त्या गाडीच्या नटाचं बूड सपाट होतं, खाली वॉशर. कंपनीच्या चाकात तो सपाट बसतो. पन मी जे चाक लावत होतो त्याची भोकं आतून निमुळती होती, नरसाळ्यासारखी. तिथं निमुळत्या बुडाचाच नट पाहिजे. सपाट नट नुसता कडेवर टेकतो. आवळताना हाताला घट्ट लागतो. पन तो घट्ट नसतो. आनि ही गाडी साधी नाय — पाय दाबला की मोटर एकदम झटका देते, पाय काढला की गाडी आपली आपन रोखते. चाकाला सारखा पुढं हिसका, मागं हिसका. सपाट नट त्यात किती दिवस धरनार?

पोरीनं तेच विचारलं होतं ना? नट हेच चालतील का?

निमुळते नट होते माझ्याकडं, पन त्या मापाचे नव्हते. तुर्भ्याहून मागवायचे होते. "सुधाभाऊ, उद्या ये, नट वेगळे लागतात." एवढंच बोलायचं होतं. एवढ्यानं माझं काय गेलं असतं? ती बोल्ली असती, बघा, मी सांगत होते. आनि तीच मंडळी माझ्यावर हसली असती.

तू म्हनशील, तू तर स्वतःच लोकांना स्वतःवर हसवतोस. हो. पन ते हसू मी वाढतो. किती वाढायचं, कुनाला वाढायचं, ते माझ्या हातात असतं. दुसऱ्यानं स्वतःच्या हातानं उचलून घेतलेलं मला चालत नाय. हे मला तोपर्यंत म्हाईत नव्हतं. गुडघ्यावर बसल्या बसल्या कळलं.

मी तेच सपाट नट लावले. चारी चाकांना. हात भरून आवळले.

नवीन चाकं लावली की आमच्याकडं चाकाखाली लिंबू ठेवतात, गाडी त्याच्यावरनं बाहेर काढतात. मी लिंबं घेऊन वाकलो तर सुधाकर ओरडला, "बाळ्या, ते सरबतात टाक! आमच्यात चालत नाही." प्रज्ञा बोल्ली, "नट घट्ट केलेत ना काका? मग झालं तर."

मी बोल्लो, "नटाचं काय विचारतेस, हात कोनाचा हाय?"

काही दिवसांनी ती एकटी आली. ऑफिसला जाता जाता, गळ्यात ओळखपत्र. बोल्ली, "काका, सिग्नलवरून निघताना गाडी बॅटरीवर असते ना, तेव्हा पुढून डावीकडून टक-टक ऐकू येतं. इंजिन सुरू झालं की नाही येत."

या गाड्यांचं हेच असतं. इंजिन बंद असलं की मांजरीसारखी चालते. दुसऱ्या कुठल्या गाडीत तो आवाज इंजिनाखाली दबून गेला असता, कुनाला कळला नसता. ती गाडी गप्प राहिली म्हनून पोरीला ऐकू आला. आनि पोरगी ऑफिस सोडून मला सांगायला आली. अजून किती सांगायचं असतं कुनी कुनाला?

मला कळलं होतं का? — कळलं होतं. टक-टक म्हटल्या म्हटल्या कळलं होतं. जॅक पायाजवळ पडलेला. पन चाक खोललं असतं तर ती बाजूला उभी राहून बघनार. नट बघनार. तिच्या डोळ्यातनं काय सुटत नाय.

मी बोल्लो, "गाडी लय गप्प हाय तुझी, बाय. गानी लाव. आवाज बंद होईल."

ती हसली. "बाबा पण हेच म्हणाले," बोल्ली, आनि गेली.

मी ठरवलं होतं, सुधाकरला बोलवू. बॅलन्सिंग करून देतो म्हनून गाडी ठेवून घेऊ, तो चहाला गेला की नट बदलू, कुनाला कळनार नाय. नट मागवले पन. आले पन. मी त्याला फोन केला नाय. का केला नाय? तुला काहीतरी कारन सांगावं म्हनून किती दिवस शोधतोय. सापडत नाय. राहून गेलं. गोष्टी सांगत बसलो असेन कुनाला तरी.

त्या रविवारी बाप-लेक कामोठ्याला निघाले होते, सुधाकरच्या बहिनीकडं जेवायला. कामोठ्याच्या अलीकडं हायवेच्या वळनावर स्टिअरिंग थरथरलं. तिनं ब्रेक मारला. पुढचं डावं चाक निखळलं आनि गाडी तशीच फरफटत कठड्यावर गेली. डाव्या बाजूनं गेली. डाव्या बाजूला सुधाकर बसला होता. कोपर बाहेर काढून बसला असनार, मला म्हाईत हाय ना.

तिला काय लागलं नाय. त्याचा पाय गुडघ्याखाली चिरडला.

ॲम्ब्युलन्स आल्यावर तिनं पहिला फोन मला केला. मी हायवेवर पोचलो तेव्हा त्यांना नेलं होतं, गाडी बाजूला उभी होती. चाक लांब गवतात पडलं होतं. उलटं केलं मी. नटांची भोकं खाल्लेली होती, गोल भोकं लांबट झालेली. हे एका धक्क्यात होत नाय. हे किती दिवस हलत होतं, ते कुनी चाकाचं काम करनारा बघताक्षनी सांगेल. पन तिथं चाकाचं काम करनारा कोन होता? मीच.

कोनी चौकशी करायच्या आत चाक टेम्पोत टाकून नेलं आनि भंगारात लोटलं. तुटलेले स्टड, म्हनजे नट बसतात ते दांडे, एखाददुसरा नट, सापडलं ते पन उचललं.

मग हॉस्पिटलला गेलो. आता जे सांगतोय ते — नट तर हाताची चूक होती असं म्हनता आलं असतं. हे तोंडाचं हाय.

बाकावर प्रज्ञा बसली होती. कुडत्यावर बापाचं रक्त. आत्या होती, शेजारी होते, कोन कोन. सगळे विचारत होते, झालं कसं? ती तेच तेच सांगत होती, "स्टिअरिंग थरथरलं. मग चाक गेलं. मग कठडा." आत्या बोल्ली, "चाक असं कसं जाईल, नवीन गाडी!" आनि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. चाकवाला आला होता ना. प्रज्ञानं पन बघितलं. ती तर मी आलो म्हनून सुटल्यासारखी बघत होती — काका आले, काका सांगतील.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोल्लो, "बाय, तसं नसतं. आधी कठड्याला लागली, मग चाक गेलं. मी बघून आलोय. घाबरल्यावर मानसाला उलटं आठवतं."

बस. आधी काय आनि मग काय, तेवढंच मी फिरवलं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढं छोटं खोटं बोल्लो नसेन.

तिनं ओठातल्या ओठात परत लावून बघितलं, स्टिअरिंग, चाक, कठडा. मग बोल्ली, "असेल. मला नीट आठवत नाही." आनि त्या दिवसापासून तिला तसंच आठवायला लागलं. पुढं कोनी विचारलं की स्वतः सांगायची, "माझा ब्रेक उशिरा लागला. कठड्याला धडकले, मग चाक निघालं." माझे शब्द. माझ्याच चालीत.

पाय कापायला लागला. सुधाकर घरी आला, नकली पाय आला, आनि तो पन माझाच मित्र, पहिल्याच दिवशी बोल्ला, "बाळ्या, फायदा बघ, आता मोजा एकच धुवायचा." मी हसलो. हसायला लागलं.

आनि तो तिला माफ करायचा. हे कसं सांगू तुला? कोनी पाहुना आला, पायाकडं बघितलं, की सुधाकर आधीच बोलायचा, "पोरीला कोणी काही बोलायचं नाही हां. होतं असं. माझ्या हातून पण झालं असतं." प्रेमानं बोलायचा. ती चहाचा ट्रे घेऊन उभी असायची, मान खाली. तो माफ करायचा, ती घ्यायची. तिनं जे केलंच नव्हतं त्याची माफी. आनि मी दोघांच्या मधे बसून बिस्कीट बुडवायचो.

तिनं गाडी विकली. परत स्टिअरिंगला हात लावला नाय. स्थळं आली, चांगली आली. नको बोल्ली. आमच्या मंदानं खोदून विचारलं तेव्हा बोल्ली, "काकू, पाय मी घेतला बाबांचा. मग मीच बघायला नको का?" मंदा घरी येऊन रडली. मला बोल्ली, "तुम्ही समजवा ना तिला, तुमचं ऐकते ती."

ऐकते. तेच तर.

सुधाकर गेल्या वर्षी गेला. पायानं नाय, छातीनं. आय.सी.यू.त मला बोलवून घेतलं, हात धरला. वाटलं आता तरी मी बोलेन. तोंड उघडलं पन. तोच आधी बोल्ला, "बाळ्या, मी गेल्यावर प्रज्ञाला सांग. मी खरंच कधी रागावलो नव्हतो. तिला वाटतं मी तोंडदेखलं बोलायचो. तू सांगितलंस तर पटेल तिला."

मी सांगितलं. बुद्धविहारात पुण्यानुमोदन, त्यांच्यातलं दिवसकार्य, उरकून लोक गेल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं केला नाय. दुसऱ्याचा निरोप मी कसा बरोबर पोचवतो, बघ. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. बोल्ली, "तुम्ही होतात म्हणून आम्ही दोघं तरलो, काका."

हे पन खपलं. जमीन फाटते वगैरे लोक म्हनतात. काय फाटत नाय.

मधे ती दुकानावर आली. बोल्ली, "काका, मला परत गाडी शिकायचीय. बाबा नाहीत आता, किती दिवस घाबरून राहू. पण दुसऱ्या कोणाबरोबर बसायची हिंमत होत नाही. तुम्ही बसाल बाजूला?"

उलव्याकडं रुंद रस्ते हायेत, सकाळी कुत्रं पन नसतं. माझी जुनी गाडी घेऊन गेलो. कुठं कडा दिसली, दुभाजक दिसला, की लांबूनच ब्रेक दाबायची. गाडी बंद पडायची. "सॉरी काका." परत चालू करायची. परत लांबनंच ब्रेक. "सॉरी काका." मी बाजूला बसलेलो, बापाच्या जागेवर. तोंडात शब्द होते. चाक आधी गेलं होतं, प्रज्ञा. एवढे चार शब्द. रस्ता रिकामा, ऐकायला कोनी नाय, हसायला पन कोनी नाय. मग कशाला भ्यालो?

एका वळनावर तिनं गाडी हळू केली, बरोबर केली, कडेला अलगद थांबवली. माझ्याकडं वळून बोल्ली, "जमलं का?"

मी बोल्लो, "जमलं. या वेळेला वेळेवर मारलास ब्रेक."

तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं आनि किती वेळ रडली. हलकं झाल्यावर मानूस रडतो तसं.

तिनं ब्रेक तेव्हा पन वेळेवरच मारला होता. तिनं सगळंच वेळेवर केलं होतं — विचारलं वेळेवर, आवाज आला तर सांगायला आली वेळेवर. चाकाचे नट मी चुकीचे लावले, जानूनबुजून लावले. आनि पाय तिच्या नावावर टाकला.

तू काय बोलू नकोस. मला तुझ्याकडनं काय नको.

ती आता दर रविवारी येते. गाडी बंद पडायची कमी झालीय. मी बाजूला बसतो, आनि ब्रेक कधी मारायचा ते तिला शिकवतो.